स्कूटरचा आवाज

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. बाबा त्याला ‘बेटा’ म्हणायचे आणि मलाही बेटाच म्हणायचे. त्यामुळे त्यांनी हाक मारली की आम्ही दोघंही मान वळवायचो. शाळेत असताना मला याचा राग यायचा. पुढे सवय झाली. नागपूरच्या दवाखान्यात कार्डावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा बाबांनी तेच सांगितलं. काउंटरवरच्या बाईने काही न विचारता लिहून घेतलं आणि आजार काय ते विचारलं.

आजार काय हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. मागच्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या थोडं वर, सूज होती. दिवाळीनंतर तो लंगडायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं काटा असेल. मग वाटलं हायवेवर कोणी दगड मारला असेल. आमच्याकडे जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा आणि बकऱ्यांचा डॉक्टर. तो येऊन बसला, पाय चाचपला, आणि पटकन हात काढून घेतला.

“साहेब, हे मले बरोबर वाटून नाई राहिलं,” तो बाबांना म्हणाला. “नागपूरले दाखवा. फोटो काढा हाडाचा.”

नागपूरच्या डॉक्टरने फोटो उजेडावर धरला. बाकीचं हाड पांढरं आणि नीट होतं. तेवढ्या जागी ते वाळवी लागलेल्या दारासारखं दिसत होतं. हाडाचा कॅन्सर होता, आणि छातीच्या फोटोतही ठिपके होते. पाय कापून आता उपयोग नाही, डॉक्टर म्हणाला. दुखणं कमी करायच्या गोळ्या देतो, आणि नाहीतर इंजेक्शन आहे.

“कायचं इंजेक्शन?” बाबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. विचारताना त्यांनी डॉक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही.

भाड्याच्या गाडीतून परत येताना आम्ही मौद्याच्या पुलावर आलो. कुत्र्याचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती.

“आपन रोज सकाळी पहिलंच काय म्हनतो?” बाबा म्हणाले.

आईने मागे वळून पाहिलं नाही. “आपन मटन बी खातो,” ती म्हणाली.

“ते येगळं.”

“हो. येगळंच हाये.”

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

आमच्या घरी रोज सकाळी बुद्धाच्या फोटोसमोर वंदना होते, मग पंचशील. कोणत्याही जिवाचा जीव घेणार नाही, हे पहिलं शील. आजोबांनी धम्म घेतला आणि बाबांना बोलता येऊ लागलं तेव्हापासून ते म्हणायला शिकवलं. बाबा कधी विहारात पुढे बसणारे नव्हते, भाषण करणारे नव्हते. पण आंघोळ करून, ऑफिसचा शर्ट घालून, केस ओले असतानाच ते फोटोसमोर उभे राहायचे आणि एकही दिवस चुकवायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला होता.

मी घरूनच काम करते. एका कंपनीसाठी इंग्रजी मजकुरातल्या चुका दुरुस्त करायच्या, दिवसभर लॅपटॉपसमोर. त्यामुळे कुत्रा आणि मी बहुतेक वेळ सोबतच असायचो. तो समोरच्या व्हरांड्यात, मी दाराच्या आत. त्या दिवसांत कामाच्या मधे मधे मी मोबाइलवर त्याच्या आजाराबद्दल वाचत राहायचे. तिथेच मला नागपूरच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता लागला. त्या पशुवैद्यच होत्या, पण स्वतःला होलिस्टिक म्हणवत होत्या. हा शब्द आईला कसा सांगावा ते मला कळेना.

“नुसत्या पायावर नाही, पूर्ण कुत्र्यावर इलाज करतात,” मी म्हणाले. “खाणं, मालीश, जडीबुटी, सुया. सगळं.”

“सुया?”

“बारीक असतात. दुखत नाहीत म्हणे.”

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी एकच विचारलं, “ते इंजेक्शन तं नाई न?”

“नाही.”

“मंग जाऊ.”

डॉक्टरबाईंचा दवाखाना म्हणजे त्यांच्या घराचा खालचा मजला होता. टेबल नव्हतं. जमिनीवर जाड सतरंज्या टाकल्या होत्या आणि त्या स्वतः खाली बसल्या. कोपऱ्यात एक म्हातारा पॉमेरेनियन कुत्रा मागच्या पायांना चाकं बांधून झोपला होता. आमच्या कुत्र्याला त्यांनी बराच वेळ हातच लावला नाही. तो कसा बसतो, कोणत्या बाजूने उठतो, पाणी पिताना कुठल्या पायावर भार देतो, हे बघत राहिल्या. मी इंग्रजीतून सांगायला सुरुवात केली. अनोळखी माणसाशी बोलताना मी इंग्रजीत शिरते. तिथे मला कमी लाज वाटते, शाळेने तेवढं केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मराठीत उत्तर दिलं, बाबांकडे बघून.

“काका, याला मी बरं करू शकणार नाही. हे आधीच सांगते. त्याचे राहिलेले दिवस जरा बरे जावेत एवढं मी करेन. त्या डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायची नाही. आणि एक वेळ अशी येईल की मी तुम्हाला म्हणेन, आता पुरे. ते सांगणंही माझंच काम आहे.”

बाबा त्याच्या पट्ट्याचं बक्कल सैल करत होते. त्यांनी मान हलवली. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. बक्कल आधीच सैल होतं.

मग घरात नवीन दिनक्रम सुरू झाला. फरशीवरून पाय घसरू नयेत म्हणून व्हरांड्यापासून गेटपर्यंत धानाची रिकामी पोती, म्हणजे आमच्याकडचे बोरे, अंथरले. हळद तेलात शिजवून, त्यात मिरपूड घालून जेवणात कालवायची. लाल भोपळा, अंडं, तळ्यातली मासळी उकडून, काटे काढून. दुखऱ्या पायाला अजिबात हात लावायचा नाही, पण बाकीच्या तीन पायांवर आणि पाठीवर सगळा भार येतो, म्हणून त्यांची मालीश. सकाळी ऊन, संध्याकाळी गरम कापडाचा शेक. आणि एका झाडाचा डिंक, ज्याचं इंग्रजी नाव मी कागदावरून वाचून दाखवलं तेव्हा आईला काही कळलं नाही. मी शोधून मराठी नाव सांगितलं.

“सालई?” आई म्हणाली. “हे इथं जंगलात उभी हाये ते सालई? तिच्यासाठी आपन नागपूरले गेलो?”

डॉक्टरबाईंनी सगळ्यात जास्त बजावलं होतं ते वेगळंच. हाड आतून पोखरलेलं आहे. धावला, उडी मारली, झटक्याने उठला, तर मोडेल. त्याला शांत ठेवा. जितका कमी उठेल तितकं बरं.

आत्या अड्याळहून आली तेव्हा बाबा व्हरांड्यात मांडी घालून त्याच्या पाठीला मालीश करत होते. बाबांची मोठी बहीण, आवाज दणदणीत. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने तोंड उघडलं.

“अगं बाप्पा! वैनी, पाह्य तुह्या नवऱ्याले. माह्या गुडघ्याले कोनी कधी तेलाचं बोट नाई लावलं, अन् हा कुत्र्याची मालीश करून राहिला.”

“तुमी बी बसा रांगेत,” आई आतून म्हणाली. “आता हात बसला हाये त्याइचा.”

आत्या हसली. पण चहा पिताना ती कुत्र्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, तिच्या गावाशेजारी एक माणूस आहे. तेल मंतरून देतो. बैलाची गाठ बसवली होती त्याने.

“आपल्या घरात ते चालत नाई,” बाबा म्हणाले.

“काहून? तुही डॉक्टरीन सुया टोचते ते चालते, अन् माह्या मानसानं फुंकर मारली तं चालत नाई?”

“ते शास्त्र हाये.”

“हो का? बरा होऊन राहिला का मंग तो शास्त्रानं?”

बाबांनी तळव्यावर आणखी तेल घेतलं. हात चालू ठेवले. आई कपबशा उचलायला आली आणि आत्याच्या खांद्याला किंचित हात लावून गेली.

तो बरा होत नव्हता. पण बाबांना तसं वाटत नव्हतं, आणि यात बाबांचा दोष होता असंही मी म्हणणार नाही. ते जे पाहत होते ते खरंच होतं.

बाबा सकाळी स्कूटरवर भंडाऱ्याला ऑफिसला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. त्यांची स्कूटर जुनी आहे. हायवे सोडून ती प्लॉट पाडलेल्या आमच्या लेआउटच्या रस्त्याला लागली की तिचा आवाज बदलतो, जरा घोगरा होतो. तो आवाज कुत्र्याला आमच्या आधी ऐकू यायचा. लहानपणापासून तो त्या आवाजावर गेटपर्यंत धावत जायचा. आजारी पडल्यावरही त्याने ते सोडलं नाही. बाबा गेटसमोर स्कूटर उभी करायचे तेव्हा तो तीन पायांवर गेटच्या आत उभा असायचा, शेपटी हलवत. रोज. बाबा गेट उघडायच्या आधीच म्हणायचे, “हाये न? हाये न माहा बेटा?” मग आत येऊन आम्हाला सांगायचे, “पाहा, येते न तो. त्याले जोर हाये अजून.”

मालीश करतानाही तेच. आईने किंवा मी पाठीला हात लावला की तो गुरगुरायचा, कधी हळू कण्हायचा. बाबांच्या हाताखाली तो आवाज करायचा नाही. डोळे बाबांच्या तोंडाकडे लावून पडून राहायचा. “माह्या हातात तो कधी कन्हत नाई,” बाबा म्हणायचे. त्यांना त्याचं समाधान होतं. मी त्या वेळी त्याच्या जबड्याकडे बघायचे. तो घट्ट मिटलेला असायचा आणि कडेची कातडी थरथरत असायची.

बाकीचा दिवस आईचा आणि माझा होता. बाबांची स्कूटर गेली की तो बोऱ्यावर कोसळायचा. त्याला कुशीवर वळवावं लागायचं. खालचा बोरा ओला झालेला असायचा आणि तो बदलताना तो एक आवाज काढायचा, भुंकणं नाही, रडणंही नाही. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ जशी बारीक सुटते तसा. तो आवाज सुरू झाला की मी कानात हेडफोन घालायचे आणि काढायचे, घालायचे आणि काढायचे. आई त्याच्या डोक्याशी बसून म्हणत राहायची, “झालं माय, झालं, झालं.” कधी कधी तो स्वतःचा पुढचा पंजा दातांत धरायचा. चावायचा नाही. नुसता धरून ठेवायचा.

मी बाबांना हे सांगितलं. आईनेही सांगितलं, एकदा जेवताना, एकदा भांडताना. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमी दोघी बी घाबरट. तो तुमच्यापाशी लाड करते.”

डॉक्टरबाई व्हिडिओ कॉलवर विचारपूस करायच्या. खातो का, झोपतो का, कोणते दिवस चांगले जातात, कोणते वाईट. एकदा बोलता बोलता मी म्हणाले की सोमवार वाईट असतो. मी ते सहज म्हटलं होतं.

“प्रत्येक सोमवार?” त्यांनी विचारलं. “मग रविवारी काय होतं?”

रविवारी बाबा घरी असायचे. बाबा घरी असले की तो पडून राहायचाच नाही. ते संडासला गेले तरी हा उठायचा. ते मागे झाडांना पाणी घालायला गेले तर हा भिंतीला अंग घासत मागे. बाबांना वाटायचं, सुट्टीच्या दिवशी किती छान राहतो. आणि सोमवारी त्याला मानही उचलता यायची नाही.

मी हे सगळं सांगितलं तसं डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “काकांना फोन देशील?” बाबा बाजूलाच होते. त्यांनी फोन घेतला, पण स्क्रीनकडे न बघता कानाला लावला, त्यामुळे डॉक्टरबाईंना बाबांचा फक्त कान दिसत असणार. मला तिकडचं ऐकू येत नव्हतं. बाबा “हो जी”, “नाई जी”, “बरोबर हाये जी” म्हणत होते. मग म्हणाले, “पन मॅडम, तो माह्यासाठी उठते न. ज्याले मरायचं हाये तो कायले उठन?”

फोन मला परत देऊन ते व्हरांड्यात त्याच्यापाशी जाऊन बसले.

त्या संध्याकाळी आईने पोळ्या करता करता विषय काढला. ती भांडली नाही. भांडली असती तर बाबांनीही आवाज चढवला असता आणि ते तिथेच संपलं असतं.

“एक डाव मागच्या दारानं या,” ती म्हणाली.

“काहून?”

“स्कूटर हायवेच्या टपरीवर ठेवा. मागच्या शेताच्या धुऱ्यानं चालत या, अन् मागच्या दारानं आत या. आवाज नोका करू. बस एवढंच.”

“मी माह्या घरात चोरासारखा येऊ?”

“हो,” आई म्हणाली आणि पोळी उलटवली.

बाबा जेवले, उठले, हात धुतले. मला वाटलं ते विसरले.

पण दोन-तीन दिवसांनी एका दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर बाबा तिथे उभे होते. तांदळाच्या कोठीच्या आडोशाला, हातात बूट. तिथून समोरचा व्हरांडा आणि गेट सरळ दिसतं. पायजम्यासारख्या वर दुमडलेल्या पँटला धसकटांची धूळ लागली होती. आमच्या घरामागे धानाचं शेत आहे, कापून झालेलं. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. आई ओट्यापाशी होती. तिने मला बोट ओठांवर ठेवून दाखवलं. मी परत माझ्या जागेवर जाऊन बसले. टाईप करत राहिले. काय टाईप केलं ते माहीत नाही.

वारा समोरून होता. त्याला बाबांचा वास आला नसावा. तो नेहमीसारखा पडला होता, तोंड गेटकडे. आई बोरा बदलायला गेली. तो आवाज आला. आईने रोजच्यासारखंच केलं, ना जास्त ना कमी. “झालं माय, झालं.” त्याने पंजा तोंडात धरला. लाळेचा फेस बोऱ्यावर सांडला. आई ओला बोरा घेऊन आत आली आणि बाबांच्या शेजारून, त्यांच्याकडे न बघता, मागे धुवायला गेली.

बाबा जागचे हलले नाहीत.

पण खरं जे होतं ते यानंतर होतं. ते मीही तोपर्यंत असं सलग, दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. उन्हं कलायला लागली तसे त्याचे कान उभे राहिले. रस्त्यावरून कोणतीही गाडी गेली की तो मान उचलायचा आणि ठेवायचा. अजून बाबांच्या येण्याला बराच वेळ होता. तरी त्याने उठायला सुरुवात केली. बाबांना जे गेटपाशी उभं असलेलं दिसायचं, त्याची तयारी इतक्या आधीपासून करावी लागत होती. पहिल्यांदा पुढचे पाय रोवले. मागचं शरीर उचललं, आणि ते बाजूला पडलं. थांबला. परत. परत पडलं. तोंड उघडं, धाप. मग भिंतीला पाठ टेकवून तो कसाबसा उभा राहिला आणि बोऱ्यांवरून निघाला. मधे दोनदा बसला. बसला म्हणजे पडलाच. व्हरांड्यापासून गेट काही लांब नाही, मी दहा-बारा पावलांत जाते. तो पोहोचला तेव्हा समोरच्या घरातले दिवे लागायला लागले होते.

गेटच्या सळ्यांना खांदा टेकवून तो उभा राहिला. तीन पाय थरथरत होते. शेपटी खाली होती. रस्त्याकडे बघत होता.

स्कूटर येणार नव्हती. हे त्याच्याशिवाय घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

नेहमीची वेळ झाली. टळली. एक मोटरसायकल गेली तेव्हा शेपटी एकदा हलली आणि थांबली. मी लॅपटॉप बंद केला. मला उठून काहीतरी करावंसं वाटत होतं आणि काय करायचं ते कळत नव्हतं. आई दारात येऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात माझ्या मागून बाबा म्हणाले, “बेटा.”

आम्ही दोघांनीही मान वळवली. त्याला वळताना तोल सावरता आला नाही आणि तो खाली पडला, दुखऱ्या पायावरच. या वेळी तो ओरडला. मग जमिनीवर पडल्या पडल्या, बाबा त्याच्याकडे येताना बघून, त्याने शेपटी हलवायला सुरुवात केली. बोऱ्यावर तिचा धप धप आवाज येत होता.

बाबांनी त्याला उचलून आणलं. रात्रीचं जेवण त्यांनी घेतलं नाही, मालीशही केली नाही, नुसता हात ठेवून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “फोन लाव मॅडमले.”

डॉक्टरबाई शनिवारी स्वतः यायला तयार झाल्या. तोवरच्या दिवसांसाठी त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या आणि झोपेचं औषध सांगितलं.

त्या मधल्या दिवसांत बाबांनी एक केलं. हायवेवरून आत वळलं की ते स्कूटर बंद करायचे आणि तिथून ढकलत घरी आणायचे. आवाज नाही, म्हणून तो उठायचा नाही. वास यायचाच, पण वास येईपर्यंत बाबा गेट उघडून त्याच्यापाशी बसलेले असायचे आणि त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला खाली धरायचे. “बसून राह्य. बसून राह्य बेटा.” त्यांच्या गळ्याला घाम असायचा. जुनी स्कूटर जड असते. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकांनी पाहिलं. “काय जी, पेट्रोल संपलं का?” त्यांनी विचारलं. “हो जी,” बाबा म्हणाले, “संपलं.”

शनिवारी सकाळी बाबांनी आंघोळ केली आणि फोटोसमोर उभे राहिले. मग बाजूला झाले. वंदना आईने म्हटली. पाचही शीलं तिने म्हटली, स्पष्ट, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. मी तिच्या मागे उभी होते. बाबा व्हरांड्यात होते, त्यांना ऐकू जात होतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. त्यांनी विचारलं, आत की बाहेर. बाबा म्हणाले, बाहेर, उन्हात. बोरे झटकून त्यावर आईने एक धुतलेली चादर घातली.

“त्याले समजन का?” बाबांनी विचारलं.

“आधी झोपेचं देते. नंतर त्याला काही कळणार नाही.” मग त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही उभे राहू नका. तुम्ही उभे राहिलात की तो उठायला बघतो.”

बाबा त्याच्या शेजारी जमिनीवर आडवे झाले. धुतलेल्या शर्टात, धुळीत, कुशीवर, त्याच्या तोंडासमोर तोंड करून. मी बाबांना असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते त्याच्याशी काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही आणि मी जवळ गेले नाही. पहिली सुई लागली तेव्हा तो कण्हला नाही. बाबांचा हात त्याच्या मानेखाली होता. थोड्या वेळाने त्याचा जबडा सैल झाला. कित्येक दिवसांत तो तसा सैल झालेला मी पाहिला नव्हता. मग डॉक्टरबाईंनी दुसरी सुई दिली आणि कानाला नळ्या लावून त्याच्या छातीवर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. त्यांनी मान वर करून आधी आईकडे पाहिलं.

मागे, शेताच्या कडेला खड्डा बाबांनीच खणला. धान निघाल्यावर जमीन टणक होते. आईने आणि मी बोरे उचलले, जाळले. व्हरांडा पाण्याने धुतला. काही दिवस फरशीवर पाय ठेवला की बोऱ्यांची सवय असलेल्या पायाला ती फार गुळगुळीत लागायची.

आत्या पुढच्या आठवड्यात आली. गेट उघडून आत आली, व्हरांडा पाहिला आणि पायरीवरच बसून रडायला लागली. “मले सांगावं नाई का रे भाऊ,” ती म्हणत होती, “मी आली असती. एक डाव पाहिलं असतं.” आई तिच्यासाठी पाणी घेऊन गेली. बाबा आत गेले. मग त्यांनी तेलाची बाटली आणली, तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, “दे, गुडघा दे.” आत्या रडता रडता म्हणाली, “येडा बह्याड हाये हा,” आणि पाय पुढे केला.

बाबा वंदनेला परत उभे राहायला लागले, पण लगेच नाही. आता रोज उभे राहतात. पहिलं शील ते म्हणतात की त्या वेळी नुसते ओठ हलवतात, हे मला माहीत नाही. मी त्यांच्या मागे उभी असते आणि आईचा आवाज वर असतो. मी विचारलेलं नाही.

स्कूटर ते अजूनही हायवेच्या वळणावर बंद करतात आणि ढकलत आणतात. मी व्हरांड्याच्या दारात लॅपटॉपसमोर असते. आवाज येत नाही. एकदम गेटची कडी वाजते आणि बाबा समोर असतात, धापा टाकत. परवा कोपऱ्यावरच्या काकांनी हसून विचारलं, “काय जी, रोजच पेट्रोल संपते का तुमचं?”

“हो जी,” बाबा म्हणाले, आणि स्कूटर ढकलत राहिले.